कशेळीचा हत्ती सत्तर मिलिमीटरमध्ये: मेटल थ्रीडी प्रिंटिंगने केलेलं पदक

राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, कातळात कोरलेला हत्ती आहे. लांबी सुमारे १८ मीटर, दुसऱ्या बाजूने १३ मीटर, आणि त्याच्या पोटात आणखी लहानमोठे प्राणी. कोकणातली जी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात हा हत्तीही आहे. तो ७० मिलिमीटरच्या पदकावर आणायचा, तोही साचा किंवा डाय न करता थेट मेटल थ्रीडी प्रिंटिंगने, म्हणजे लेझरने धातूची पावडर थर-थर वितळवून, असं हे काम होतं. संच सहा पदकांचा. फाइल रत्नागिरीत तयार झाली, प्रिंट पुण्यात, फिनिशिंग पुन्हा रत्नागिरीत.

आधी मापाचा हिशोब, कारण बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. पदकावर हत्तीला ५६ मिलिमीटर लांबी मिळते, म्हणजे प्रमाण साधारण १:३२०. सड्यावरची रेघ ५ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर खोल धरली, तर पदकावर ती ०.१६ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.०९ खोल उतरते. आता मशीनची बाजू बघा. लेझरचा ठिपकाच ०.०८ मिलिमीटरचा. तो पावडर वितळवत पुढे गेला की मागे उरणारी धातूची रेघ ०.१२ ते ०.१५ रुंद होते. त्यावर पृष्ठभागाचा स्वतःचा खरखरीतपणा आहेच. यात ०.०९ ची खोली कुठल्या कुठे गडप होते. ड्रोनचा फोटो घेतला, रेघा उचलल्या, लहान करून पाठवल्या, असं चालत नाही. हत्ती पुन्हा काढावा लागतो.

आम्ही रेघ ०.८ रुंद आणि ०.४ खोल धरली, म्हणजे खऱ्या प्रमाणाच्या पाचपट जाड. एवढ्या जाड रेघेत सगळं मावत नाही. पोटातले सगळे प्राणी ठेवले तर नुसती जाळी होते. म्हणून प्रत्येक पदकावर हत्ती तोच, पण पोटात वेगळी एकच आकृती. साचा नसल्याचा खरा फायदा हाच: सहा वेगळ्या फाइल एकाच प्लेटवर लागतात आणि मशीनला त्याचा काही फरक पडत नाही. लहान गोलात किती कमी रेघांनी आकृती उभी राहते, हे बघायला सावंतवाडीच्या गंजिफा समोर ठेवल्या होत्या. दशावतारी संचाची १२० पानं, सगळी गोल. रिलिफ, म्हणजे उठावाचं काम, शिकवणाऱ्या व्हिडिओंपेक्षा त्यांनी जास्त मदत केली.

दोन बाजूंचं गणित मात्र पदकाचंच. पिसानेल्लोने १४३८ च्या सुमारास बायझंटाईन सम्राट आठवा जॉन याचं पदक ओतलं, तेव्हापासून कलापदक म्हणजे तळहातावर मावणारी, उलटवून बघायची वस्तू. एक बाजू दिसत असताना दुसरी लपलेली असते. कातळशिल्पाला हे अगदी चपखल बसतं. वरून हत्ती दिसतो. सड्यावर उभे राहिलात तर पायाशी नुसते चर दिसतात, हत्ती दिसत नाही. म्हणून दर्शनी बाजूला आकाशातून दिसणारा हत्ती, आणि मागे तेच चर जमिनीच्या पातळीवरून, क्षितिजाकडे निमुळते होत गेलेले.

आडवं की उभं

पावडर बेड मशीनमध्ये स्टीलच्या जाड प्लेटवर धातूच्या बारीक पावडरीचा थर पसरतो, लेझर हवा तेवढा भाग वितळवतो, प्लेट एका थराएवढी खाली जाते, रिकोटरचा ब्लेड पुन्हा पावडर ओढतो. आमचा थर ०.०३ मिलिमीटरचा होता. पदक प्लेटवर आडवं ठेवायचं की उभं, या एका निर्णयावर पुढचं जवळपास सगळं ठरतं.

आडवं ठेवलं तर काम झटपट. ६ मिलिमीटर जाडी, खाली ३ मिलिमीटर सपोर्ट (नंतर तोडायचा आधार), म्हणजे ३०० थर. सव्वातीन तासांत एक पदक. पण सड्याच्या जमिनीला आम्ही अगदी हलका उंचवटा दिला होता, कुठे ५ अंशांचा, कुठे त्याहून कमी. ५ अंशांच्या उतारावर ०.०३ चा एकेक थर ०.३४ मिलिमीटर रुंद पायरी सोडतो. पहिलं चाचणीचं पदक हातात आलं तेव्हा त्यावर हत्ती कमी आणि भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषाच जास्त होत्या. पायऱ्या घासून काढायच्या तर ०.४ खोलीची रेघही त्यांच्यासोबत जाते. शिवाय खालची बाजू पूर्ण सपोर्टवर बसलेली. सपोर्ट तोडल्यावर तिथे दातांचे ठसे राहतात. पदकाला वाया घालवण्याजोगी बाजू नसते.

उभं ठेवलं की दोन्ही बाजू भिंती होतात, पायऱ्यांचा प्रश्न जवळपास मिटतो. पण गोल उभा केला की तळाशी वेगळीच अडचण. वर्तुळाचा सगळ्यात खालचा भाग प्लेटला समांतर, म्हणजे हवेत लोंबणारा. प्लेटशी ४५ अंशांपेक्षा कमी कोन करणारा कुठलाही भाग खालून आधार मागतो. आधार नसेल तर वितळलेला धातू खालच्या सैल पावडरीत बुडतो आणि मणी-मणी लोंबतात. ७० मिलिमीटरच्या गोलात तळाचा पाव परीघ या पट्ट्यात येतो. तिथे सपोर्ट लावायचे म्हणजे तेवढी कड नंतर कानशीने घासत बसायचं.

तो पाव परीघ आम्ही छाटूनच टाकला. तळाशी ५० मिलिमीटरची सरळ जीवा घेतली की तिच्या दोन टोकांना वर्तुळाचा कोन ४५ अंशांच्या किंचित पुढे गेलेला असतो, म्हणजे तिथून वरची कड बिनआधाराची उभी राहते. उंची ७० वरून साडेएकोणसाठ झाली. एकही सपोर्ट नाही, पदक थेट प्लेटवर. आणि आकार झाला पाण्याला टेकलेल्या सूर्याचा, जो इथे कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. वर हे पदक टेबलावर स्वतःच्या पायावर उभं राहतं, दोन्ही बाजू दिसतात, स्टँड लागत नाही.

जाडीचं मात्र पहिल्यांदा चुकलं. ३ मिलिमीटर जाडी घेतली होती. साठ मिलिमीटर उंच आणि ३ जाड असा पत्रा पावडरीतून वर येत गेला की रिकोटरच्या प्रत्येक फेरीला हलतो. वरच्या तिसऱ्या भागात, हत्तीच्या पाठीवर, एका बाजूकडून दुसरीकडे जाणाऱ्या बारीक लहरी उमटल्या. त्यावर तीन उपाय केले. जाडी ६ केली. पदक ब्लेडला समांतर न ठेवता १५ अंशांनी वळवलं, म्हणजे ब्लेड पूर्ण कडेवर एकदम आदळत नाही, एका टोकाकडून चढत जातो. आणि स्टीलच्या ब्लेडऐवजी रबरी पट्टीचा रिकोटर मागितला. तिन्ही एकदम केल्यामुळे कुणाचा वाटा किती, ते सांगता येणार नाही. आमचा कौल जाडीला.

६ मिलिमीटरने वजन साधारण १६० ग्रॅम भरतं. थ्रीडी प्रिंटिंगवाले लगेच सुचवतात, आत पोकळ करा, जाळी घाला, धातू आणि वेळ वाचेल. विमानाच्या ब्रॅकेटला ते ठीक. पदक तळहातावर ठेवल्याबरोबर हात किंचित खाली जायला हवा, नाहीतर ते कीचेन वाटतं. आणि बंद पोकळीतली पावडर बाहेर काढायला भोक लागतं, ते कुठे पाडणार?

वेळेचा हिशोब सांगतो, म्हणजे एकच पदक मागवलं तर महाग का पडतं ते कळेल. साडेएकोणसाठ मिलिमीटर उंची, खाली कापायला २ मिलिमीटर जादा, म्हणजे २०५० थर. प्रत्येक थराला पावडर ओढायला १० सेकंद धरले तर नुसत्या ओढण्याचे पावणेसहा तास. हे प्लेटवर एक पदक असो वा सहा, तेवढेच. लेझरचं काम एका पदकाला अडीच तासांचं. म्हणजे एकट्या पदकाला सव्वाआठ तास, सहा पदकांना पावणेएकवीस, दर पदकी साडेतीनच्याही आत. प्रत्यक्षात कडांचे फेरे आणि लेझरच्या उड्या धरून थोडं वाढतं, पण प्रमाण हेच राहतं.

क्षितिज, शिरोरेषा आणि जांभा

मागच्या बाजूला क्षितिजाच्या जागी आरपार फट हवी होती, ३० मिलिमीटर लांब, ०.८ उंच. प्रकाशासमोर धरलं की समुद्र चमकावा, एवढीच कल्पना. संगणकावर छान दिसली. प्रिंटमध्ये फटीचं छत म्हणजे ३० मिलिमीटर लांबीचा, खाली काहीच नसलेला थर. तो लोंबला, फट अर्धी बुजली, उरलेल्या भागात काळपट गुठळ्या. आडवी लांब फट उभ्या प्रिंटमध्ये होत नाही, हे लिहून ठेवा. तिचे पत्त्यांतल्या चौकटसारखे, टोकावर उभे असलेले लहान-लहान तुकडे करावे लागतात, म्हणजे प्रत्येकाचं छत ४५ अंशांनी दोन्हीकडे उतरतं, आपल्या कौलारू घरासारखं. १.६ मिलिमीटरचे एकोणीस चौकट एका ओळीत बसवले. आता ते जाळ्याच्या डोळ्यांसारखे दिसतात, आणि खरं सांगायचं तर मूळ फटीपेक्षा बरे. संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर पश्चिमेकडे धरलं तेव्हा एकोणीस ठिपके वेगवेगळे पेटलेले दिसले. पाण्यावरचा उजेडही सलग कुठे असतो?

याच ४५ अंशांनी देवनागरीला गाठलं. रोमन अक्षरांत आडव्या रेघा सुट्या-सुट्या असतात. आपल्याकडे अख्ख्या शब्दाच्या डोक्यावर सलग शिरोरेषा. उठावाचं अक्षर असेल तर शिरोरेषेची खालची कड म्हणजे भिंतीतून पुढे आलेलं बिनआधाराचं छज्जं. अर्ध्या मिलिमीटरचं छज्जं पडत नाही, पण खालून केसाळ होतं, आणि 'श'ची मधली पोकळी त्यात भरून जाते. उपाय सोपा पण कंटाळवाणा: शिरोरेषेच्या, मात्रेच्या आणि वेलांटीच्या प्रत्येक खालच्या कडेला ४५ अंशांचा उतार. फाइलमध्ये हे हातानेच करावं लागलं. 'कशेळी' या तीन अक्षरांत अशा नऊ कडा निघाल्या. दुसरा मार्ग म्हणजे शब्द ९० अंशांत वळवून उभा लिहायचा. तसा आम्ही करून पाहिला. मान वाकडी करून वाचायला लागतो.

अक्षरं ५ मिलिमीटर उंच, काठीची जाडी ०.५, उठाव ०.५. ती एका खोलगट पट्टीत बसवली, म्हणजे त्यांचा माथा आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीत येतो. हे का, ते घासायच्या वेळी कळेल.

हत्तीच्या रेघा व्ही आकाराच्या घेण्यामागेही तेच कारण. ०.८ रुंद आणि ०.४ खोल व्हीच्या दोन्ही भिंती आपोआप ४५ अंशांत येतात, त्यामुळे रेघ आडवी जावो, उभी जावो की वळो, कुठेही लोंबत नाही. चौकोनी चर घेतला असता तर आडव्या रेघांची वरची कड खराब आणि उभ्यांची चांगली, असा एकाच हत्तीत दुजाभाव झाला असता.

आता जमीन. लेझरने केलेल्या भिंतीवर अर्धवट चिकटलेले पावडरीचे कण असतात, म्हणून ती बारीक खरवडलेली, राखाडी, निस्तेज दिसते. इंजिनिअर लोक हा दोष समजून पॉलिशमागे लागतात. जांभ्याचं चित्र काढायचं असेल तर ते वरदान आहे. आम्ही एका चिऱ्याच्या तुकड्याचे दीडशे फोटो काढून त्याचा थ्रीडी पृष्ठभाग बनवला. फोटो ढगाळ दिवशी घ्यावेत. उन्हात खड्ड्यांच्या सावल्या सॉफ्टवेअरला खड्डेच वाटतात. चिरा ओला असेल तर चकाकतो आणि तिथे नुसता गोंधळ उमटतो. म्हणून पावसाळा गेल्यावर, चिरा चार दिवस घरात वाळवून.

खऱ्या मापात तो पोत लावला तर पदकावर मोजकेच खड्डे मावतात. पाचपट लहान केला. जांभ्याचे ३ ते १५ मिलिमीटरचे खड्डे ०.६ ते ३ मिलिमीटरचे झाले. त्याहून बारीक जे काही होतं ते गाळून टाकलं, कारण ०.३ च्या खालचा खड्डा प्रिंटमध्ये खड्डा राहत नाही, तिथे पावडर चिकटून भरते, आणि फाइल मात्र फुगते. थ्रीडी फाइलमधला पृष्ठभाग लहान त्रिकोणांचा बनतो; आमची पहिली फाइल ९० लाख त्रिकोणांची होती. प्रिंटवाल्याचं स्लायसर, म्हणजे फाइलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर, तिच्यावर बसूनच राहिलं. बारीक पोत आधी गाळून मग त्रिकोण कमी केले तर १५ लाखांत काम भागलं आणि डोळ्यांना फरक दिसला नाही. उलट क्रमाने, म्हणजे गाळण्याआधीच त्रिकोण कमी केले, तर चांगले खड्डे टोकदार होतात.

फाइलबद्दल आणखी एकच. अक्षरं जमिनीत नुसती खुपसून ठेवू नका, सॉफ्टवेअरमधल्या बूलियन आज्ञेने एकजीव करा. एकमेकांत घुसलेले दोन सुटे ठोकळे काही स्लायसर दोनदा वितळवतात, काही त्या जागी पोकळी समजतात. एका चाचणीत 'ळ'च्या बुडाशी असंच पोकळ राहिलं होतं.

आधी फरशी, मग पदक

पूर्ण पदक प्रिंट करण्याआधी ४० बाय २५ मिलिमीटरची, ६ जाडीची चाचणीची फरशी उभी करून प्रिंट करून घेतली. तिच्यावर व्ही रेघा ०.३, ०.५, ०.८ आणि १ मिलिमीटरच्या, चौकट ०.८, १.२, १.६, २ चे. 'कशेळी' ३, ४ आणि ५ मिलिमीटर उंचीचं. ०.३ ची रेघ दिसलीच नाही. ०.५ ची प्रिंटमध्ये दिसत होती, बीड ब्लास्टिंगनंतर (काचेच्या मण्यांचा फवारा मारल्यावर) पुसट झाली. ०.८ स्वच्छ. चौकटांपैकी ०.८ चा पूर्ण बुजला, १.२ चा सुईने टोकरून अर्धा मोकळा झाला, १.६ मधून उजेड आला. तीन मिलिमीटरच्या शब्दात मात्रा शिरोरेषेला चिकटली, चारचा वाचता येत होता, पाचचा सुबक. ही फरशी पदकासोबत तशीच घासा, धुवा, वाळवा. नुसती प्रिंट बघून माप ठरवलं तर ०.५ ची रेघ घेऊन बसाल.

रेझिनचा नमुना काढून खात्री करू, असं बरेच जण म्हणतात. आकार आणि उठाव बघायला तो ठीक आहे, टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकून बघावा. पण रेझिनमध्ये धातूपेक्षा बारीक तपशील येतो, त्यामुळे तो हमखास फसवतो.

धातू ३१६ एल स्टेनलेस. पदकाला कांस्य शोभतं हे मान्य, आणि १० टक्के कथील असलेली कांस्याची पावडर या मशीनवर चालते. अडचण अशी की पावडर बदलायची तर मशीन पूर्ण साफ करावं लागतं. सहा पदकांसाठी ते कुणी करत नाही, आणि घाईत केलं तर एका धातूचे कण दुसऱ्यात जातात. म्हणून कोटेशन मागताना पहिला प्रश्न "तुमच्या मशीनमध्ये सध्या कुठली पावडर आहे?" हा विचारावा. दुसरा, थर किती जाडीचा. काही न बोलता जॉब दिला तर बहुधा ०.०४ किंवा ०.०५ चा थर लागतो, कारण तो लवकर होतो.

प्लेटवर सहा पदकं ३५ मिलिमीटर अंतराने, एक थोडं डावीकडे, पुढचं थोडं उजवीकडे अशी लावली. मशीनमध्ये वायूचा झोत एका दिशेने वाहत असतो, वितळताना उडालेल्या ठिणग्या तो वाहून नेतो. नेमकं मागे दुसरं पदक असेल तर त्या ठिणग्या त्याच्या थरावर पडून आत पुरल्या जातात.

पहिली खेप पूर्ण बाद झाली. १२४० व्या थराला आरगॉन (मशीनमध्ये सोडायचा तो वायू) संपला आणि मशीन रात्रभर थांबलं. सकाळी नवा सिलिंडर लावून काम पुढे सुरू केलं गेलं, आणि आम्हाला ते पदकं हातात आल्यावर कळलं. सहाही हत्तींच्या पोटातून, तळापासून ३५ मिलिमीटरवर, नखाला लागणारी आडवी रेघ. कारण साधं आहे. थांबल्यावर जॉब थंड होतो. ३१६ एल दर अंशाला लांबीच्या सुमारे १६ दशलक्षांश आकुंचन पावतं. ३७ मिलिमीटर उंचीचा भाग ५० अंशांनी निवला तर ०.०३ मिलिमीटर खाली बसतो. म्हणजे नेमका एक थर. सुरू झाल्यावर पहिला थर दुप्पट जाड पडतो, लेझर तो नीट जोडू शकत नाही. आता ऑर्डरमध्येच लिहितो: मध्ये थांबलं तर कळवा, आणि सुरू करण्याआधी सिलिंडरचा दाब तपासा. एकवीस तासांच्या जॉबला अर्धा सिलिंडर लावून बसू नये.

प्रिंट झाल्यावरचा क्रम पक्का आहे: पावडर झटकणे, भट्टी, मग वायर कट, म्हणजे बारीक तारेने कापून प्लेटपासून वेगळं करणे. लेझरने थर-थर करून गोठवलेल्या धातूत ताण साठलेला असतो; पदक प्लेटला घट्ट धरलेलं आहे तोवर तो दिसत नाही. चाचणीचं एक पदक घाईत भट्टीशिवाय कापलं. पट्टी लावून पाहिली तर मध्यावर ०.३ मिलिमीटरची फट, आणि तळाची सरळ जीवा वाकल्यामुळे उभं केलं की डुगडुगतं. सबंध प्लेट ९०० अंश सेल्सिअसला दोन तास, आरगॉनमध्ये, आणि मगच कापायची. वायर ०.२५ मिलिमीटरची, चीर साधारण ०.३ ची, खाली सोडलेले २ मिलिमीटर तिथेच प्लेटवर राहतात.

पावडर झटकताना कोरडा झाडू किंवा उघड्यावर हवेचा फवारा नको. या कणांत क्रोमियम आणि निकेल आहे, आणि त्यांतले सगळ्यात बारीक फुप्फुसात जाऊ शकतात. एन ९५ मास्क, हातमोजे, आणि चौकटांत अडकलेली पावडर अल्ट्रासॉनिक टबमध्ये पाण्याखाली काढलेली बरी.

खारी हवा

रत्नागिरीत फिनिशिंग करायचं म्हणजे मिठाशी गाठ. ३१६ एल गंजत नाही, या समजुतीला इथे फारसा अर्थ नाही. गुळगुळीत ३१६ एल टिकतं. खरखरीत पृष्ठभागावर खारा दमटपणा धरून राहतो आणि चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके उमटतात. आणि आम्हाला तर खरखरीतच हवं होतं.

म्हणून साध्या पोलादाला कुठेही शिवू द्यायचं नाही. ब्लास्टिंग काचेच्या मण्यांनी, १०० ते १५० मायक्रॉनचे, ३ ते ४ बार दाबाने. लोखंडी शॉट अजिबात नाही. ब्रश स्टेनलेसचा, आणि तोही आधी लोखंडावर न वापरलेला. शेजारी कुणी ग्राइंडर चालवत असेल तर पदकं झाकून ठेवायची. लोखंडाचा एक कण पृष्ठभागात रुतला की पहिला ठिपका तिथेच.

घासण्याचं काम थोडंच आहे. सपाट लाकडी ठोकळ्यावर ४००, मग ६००, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर, पाण्यासोबत. ठोकळा सपाट असल्यामुळे जांभ्याच्या पोताचे माथे तेवढे चमकतात; खड्डे आणि हत्तीच्या रेघा राखाडीच राहतात. अक्षरांचे माथेही त्याच पातळीत असल्याने एकाच हाताखाली चमकतात, म्हणून ती खोलगट पट्टी. यात ०.१ मिलिमीटर जातो, तो फाइलमध्ये आधीच वाढवून ठेवलेला.

कडेला आरशासारखं पॉलिश करायचा मोह आवरा. मशीन आधी कडेची रेघ ओढतं आणि आतला भाग वेगळ्या फेऱ्यांनी भरतं. या दोहोंच्या सांध्यात, पृष्ठभागाच्या ०.१ ते ०.२ मिलिमीटर खाली, बारीक छिद्रांची रांग राहण्याचा संभव असतो. धातू ९९.५ टक्के घट्ट असला तरी उरलेला अर्धा टक्का बहुधा तिथेच भेटतो. एका पदकाची कड चमकवता-चमकवता ०.१५ गेला आणि मुंग्या निघाव्यात तशी टिंबं निघाली. ती पुढे घासून घालवायला आणखी ०.२ लागला, आणि त्या कडेशी आलेली हत्तीची शेपूट बारीक झाली. ०.१ च्या आत थांबा, नाहीतर आधीपासून ०.४ जादा ठेवा.

शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे गंज टाळण्यासाठी ॲसिडचं स्नान, आणि ते सगळ्या घासकामानंतरच. आधी साबणाच्या पाण्याने तेल-हाताचा ओशटपणा पूर्ण काढायचा. मग एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्व, ५० ते ५५ अंशांवर अर्धा तास, स्टेनलेसच्या किंवा काचेच्या भांड्यात, ॲल्युमिनियमच्या नव्हे. त्यानंतर धुवायचं पाणी महत्त्वाचं. इथल्या बोअरवेलचं पाणी मचूळ. त्याने धुतलं तर केलेल्या कामावर पुन्हा मीठ चढतं. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, दोनदा बदलून. भट्टीचा निळा-सोनेरी रंग ब्लास्टिंगने जात नसेल तर बाजारातली पिकलिंग पेस्ट घरी वापरू नका, तिच्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं; ते काम ज्यांच्याकडे सोय आहे त्यांना द्या. वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, मऊ ब्रशने खड्ड्यांतही पोचेल असा.

समुद्राकडे तोंड असलेल्या पडवीत बाद खेपेतले तीन तुकडे मे महिन्यात टांगले: एक प्रिंटमधून आला तसाच, एक नुसता ब्लास्ट केलेला, एक लिंबूसत्व आणि मेण झालेला. पहिल्यावर जूनच्या मध्याला ठिपके आले, दुसऱ्यावर जुलैत, तेही सगळे चौकटांच्या आतल्या बाजूला, जिथे मणी पोचत नाहीत. तिसरा गणपतीपर्यंत स्वच्छ होता. दिवाळीत त्याच्या एका चौकटीत फिकट तपकिरी कड दिसली. मेण तिथे ब्रशने पोचलंच नव्हतं. आता मेण थोडं गरम करून पातळ करतो आणि चौकटांत दातकोरणीने सोडतो.